घशातला नमुना आणि सोळाव्या वर्षाची सही

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांची पुढची पिढी आता इंग्लंड-ऑस्ट्रेलियात स्थिरावली आहे. नातवंडे तिकडच्या शाळांत जातात. फोनवर बोलताना नातू सहज म्हणतो, "आज आमच्या शाळेत युनिव्हर्सिटीची माणसं आली होती, घशातून नमुना घेऊन गेली." इकडे आजीच्या मनात लगेच दोन प्रश्न उभे राहतात. पोराला काही झाले आहे का, हा पहिला. आपल्या मुलांवर प्रयोग करतात की काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सोपे आहे: काही झालेले नाही, धडधाकट मुलांचाच नमुना हवा असतो. दुसरा प्रश्न मात्र रास्त आहे. बडोद्याच्या माणसाला तर तो पडायलाच हवा. का, ते पुढे सांगतो.

आम्ही वाणिज्य शाखेचे, वैद्यकीचा गंध नाही. पण बँकेत आयुष्य गेल्यामुळे फॉर्म कोण भरतो, सही कोण करतो आणि त्या सहीचा अर्थ काय, हे पाहण्याची सवय लागली आहे. विषय त्याच बाजूने समजून घेतला आहे.

आधी शब्दांचा उलगडा. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी शालान्त परीक्षा झाली की पुढची दोन वर्षे 'सिक्स्थ फॉर्म'ची. म्हणजे आपली अकरावी-बारावी. मुले तीन किंवा चारच विषय घेतात, ते खोलवर शिकतात आणि शेवटी ए-लेव्हलची परीक्षा देतात. वय सोळा ते अठरा. आरोग्यविषयक संशोधनात या मुलांना दोन प्रकारे सामील करून घेतले जाते. एकात मुले स्वतः संशोधकाचे काम करतात. दुसऱ्यात मुले स्वतःचा नमुना आणि माहिती देतात, संशोधन विद्यापीठ करते. पहिला प्रकार ऐकायला भारदस्त वाटतो, पण अधिक परिणाम झाला आहे तो दुसऱ्याचा, असे आमचे मत आहे.

पहिल्या प्रकाराची दोन उदाहरणे थोडक्यात. कँटरबरी येथील सायमन लँग्टन ग्रामर स्कूलच्या विद्यार्थ्यांनी केंट विद्यापीठाच्या मदतीने मायलिन बेसिक प्रोटीन या प्रथिनावर काम केले. आपल्या मज्जातंतूंवर विजेच्या तारेवर असते तसे एक वेष्टण असते. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात ते झिजते. या वेष्टणातले एक प्रथिन यीस्टमध्ये तयार करून अभ्यासायचे, असे ते काम होते. शाळेच्या प्रयोगशाळेत. दुसरे उदाहरण 'जीनोम डीकोडर्स' या उपक्रमाचे. यात विद्यापीठ नव्हते, केंब्रिजजवळची वेलकम सँगर ही संशोधन संस्था होती. माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या चाबकाच्या आकाराच्या कृमीची, व्हिपवर्मची, संपूर्ण जनुकीय माहिती संगणकाने वाचली होती. पण संगणकाने आखलेली जनुकांची हद्द ठिकठिकाणी चुकलेली असते. ती एकेक करून तपासण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम ब्रिटनमधल्या ए-लेव्हलच्या विद्यार्थ्यांना वाटून दिले. आमच्या भाषेत सांगायचे तर लेजर यंत्राने लिहिला, टिकमार्क माणसांनी केला. हा जंत आपल्याकडेही आहे. आपल्या शाळांत जंतनाशक दिनाला मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात. इतर जंतांवर ती चांगली चालते, या जंतावर मात्र एका गोळीचा परिणाम तोकडा पडतो. नव्या औषधाचा शोध घ्यायचा तर त्या कृमीची जनुके नीट माहीत हवीत.

आता मुख्य विषय, घशातल्या नमुन्याचा.

मेनिन्जायटिस म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूवरील आवरणाचा दाह. मराठीत 'मेंदूज्वर' हा शब्द डासांमुळे होणाऱ्या जपानी एन्सेफलायटिसलाही वापरतात, म्हणून गोंधळ होतो. येथे तो आजार अभिप्रेत नाही. हा दाह करणाऱ्या जंतूंपैकी एक म्हणजे मेनिंगोकॉकस. त्याचा आजार दुर्मीळ, पण अतिशय वेगवान. सकाळी ताप-डोकेदुखी म्हणून झोपून राहिलेले मूल दुसऱ्या दिवशी नसते, असे घडते. उपचार मिळूनही दहांपैकी साधारण एक रुग्ण दगावतो आणि वाचलेल्यांपैकी काहींना बहिरेपण, फिट्स किंवा हातापायाची बोटे गमावणे असे भोग राहतात.

यातली चमत्कारिक गोष्ट अशी, की हा जंतू बहुतेक वेळा काहीच करत नाही. निरोगी माणसाच्या घशाच्या मागच्या भागात तो महिनोन् महिने मुक्काम करतो आणि निघून जातो. त्या माणसाला पत्ताही नसतो. अशा माणसाला 'वाहक' म्हणतात. युरोपातील अनेक पाहण्या एकत्र करून काढलेला अंदाज असा, की तान्ह्या मुलांत वाहक शेकडा चार-पाच, दहाव्या वर्षी सात-आठ, एकोणिसाव्या वर्षी जवळपास चोवीस आणि पन्नाशीत पुन्हा आठच्या आत. म्हणजे जंतूचे खरे घर सोळा ते वीस वयाच्या मुलांचा घसा. आजारी पडतात ती मुख्यतः तान्ही बाळे आणि स्वतः ही तरुण मुले; पण समाजात जंतू खेळता राहतो तो या तरुणांमुळे. गर्दीत राहणे, एकत्र सिगारेट ओढणे, चुंबन घेणे ही त्याची वाट.

सिक्स्थ फॉर्मच्या मुलांकडे संशोधक गेले ते म्हणूनच. शाळेत मुले आयती एकत्र सापडतात ही सोय आहेच, पण जो प्रश्न विचारायचा त्याचे उत्तर त्यांच्याच घशात आहे. दुसऱ्या कोणाचा नमुना घेऊन ते मिळणार नाही.

प्रश्न असा होता. लस टोचलेले मूल आजारापासून वाचते हे ठीक. पण लशीमुळे त्याच्या घशातला जंतूही जातो का? जात असेल तर लस न घेतलेल्या शेजाऱ्यालाही संरक्षण मिळते, घरातल्या तान्ह्या बाळालाही मिळते. जात नसेल तर ज्याने लस घेतली त्याचाच फायदा. सरकारी तिजोरीतून लस द्यायची की नाही याचा सगळा हिशेब या एका उत्तरावर फिरतो.

ब्रिटनने नोव्हेंबर १९९९ मध्ये 'सी' प्रकारच्या मेनिंगोकॉकसवरील नवी लस लहान मुले आणि किशोरांना देण्यास सुरुवात केली. त्याच सुमारास ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने शाळांमध्ये नमुने घेतले गेले. पंधरा ते सतरा वयाच्या १४,०६४ विद्यार्थ्यांचे १९९९ मध्ये आणि १६,५८३ विद्यार्थ्यांचे २००० मध्ये. एका वर्षात 'सी' प्रकाराचे वाहक ६६ टक्क्यांनी कमी झाले. पुढे असेही दिसले, की लस न घेतलेल्यांमध्येही हा आजार सुमारे दोन तृतीयांशाने घटला. अकरावी-बारावीच्या मुलांनी दोन-चार सेकंद आ वासून घशाला काडी लावून घेतली, उमासा आला, डोळ्यांत पाणी आले, वर्गात परत गेली. त्यातून ही आकडेवारी उभी राहिली. २०१५ मध्ये 'डब्ल्यू' प्रकाराचा जंतू वाढू लागला तेव्हा ब्रिटनने किशोरांनाच ए, सी, डब्ल्यू आणि वाय अशा चार प्रकारांची लस द्यायचे ठरवले. वाहकांना गाठले की बाकीचे आपोआप वाचतात, हा हिशेब तोवर सिद्ध झालेला होता.

राहिला 'बी' प्रकार. तो अवघड. बाकीच्या प्रकारांत जंतूभोवतीचे शर्करेचे कवच वापरून लस बनवतात. 'बी'चे कवच आपल्याच मज्जापेशींवरील एका पदार्थासारखे आहे, त्यामुळे शरीर त्याला परका मानत नाही. मग जंतूच्या अंगावरील प्रथिने वापरून वेगळ्या पद्धतीची लस करावी लागली. ब्रिटनने ती सप्टेंबर २०१५ पासून तान्ह्या बाळांना देणे सुरू केले. पुढच्याच वर्षी एका दोन वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर ही लस मोठ्या मुलांनाही द्या, अशा अर्जावर आठ लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. लोकांच्या भावना समजण्यासारख्या होत्या. पण 'बी'ची लस घशातला जंतू घालवते का, हे कोणालाच माहीत नव्हते.

ते शोधायला आधी ॲडलेड विद्यापीठ पुढे आले. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये २३७ शाळा सामील झाल्या. दहावी-अकरावीचे २४,२६९ आणि बारावीचे १०,२२० विद्यार्थी. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने शाळांचे दोन गट पाडले. गट मुलांचे नव्हे, शाळांचे. कारण एका वर्गात अर्ध्यांना लस आणि अर्ध्यांना नाही असे केले तर जंतू एकमेकांत फिरून हिशेब बिघडतो. एका गटाला लस लगेच, दुसऱ्याला बारा महिन्यांनी. ही गोष्ट आम्हांला विशेष आवडली. तुलनेसाठी ठेवलेली मुले कायमची वंचित राहिली नाहीत, फक्त वर्षभर थांबली. बारावीची मुले वर्षात शाळा सोडून पांगतात, त्यामुळे मुख्य तुलना दहावी-अकरावीच्या मुलांत झाली.

वर्षानंतर पुन्हा घशाचे नमुने. लस घेतलेल्या १२,७४६ मुलांपैकी ३२६ जण आजारकारक जंतूचे वाहक, म्हणजे २.५५ टक्के. न घेतलेल्या ११,५२३ पैकी २९१, म्हणजे २.५२ टक्के. फरक शून्य. लस घशातला जंतू घालवत नाही.

पस्तीस हजारांच्या आसपास मुलांचे श्रम पाण्यात गेले, असे कोणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. कर्जाचा प्रस्ताव तपासून 'देऊ नये' असा शेरा मारणारा अधिकारीही बँकेचे कामच करत असतो, आणि कधी कधी तोच जास्त वाचवतो. 'शेजाऱ्यालाही फायदा होईल' या गृहीतकावर एखाद्या देशाने कोट्यवधी खर्च केले असते, ते आता डोळे उघडे ठेवून ठरवता येते. दक्षिण ऑस्ट्रेलियाने लस रद्द केली नाही. २०१९ पासून किशोरांना ती दिली जाते, पण घेणाऱ्याच्या स्वतःच्या संरक्षणासाठी, हे स्पष्ट सांगून.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या लस संशोधन गटाने २०१८ मध्ये याच धर्तीवर 'बी ऑन द टीम' हा अभ्यास सुरू केला. सोळा ते एकोणीस वयाचे २४,००० विद्यार्थी, प्रत्येकी आठ हजारांचे तीन गट, 'बी'च्या दोन वेगवेगळ्या लशी, सुरुवातीला एक नमुना आणि वर्षाने दुसरा, असा आराखडा. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे शाळाच बंद झाल्या. शाळांवर उभ्या राहिलेल्या संशोधनाचा हा कच्चा दुवा म्हणायचा.

घशाच्या काडीबरोबर एक प्रश्नावलीही असते. सिगारेट ओढता का, पार्टीला, क्लबला किती वेळा जाता, गेल्या काही दिवसांत कोणाचे चुंबन घेतले का. आपल्या घरांत हे प्रश्न वाचून भुवया उंचावतील. पण हीच उत्तरे उपयोगी पडली. २०१४-१५ मध्ये ब्रिटनमध्ये पुन्हा मोठी पाहणी झाली, तेव्हा मेनिंगोकॉकसचे एकूण वाहक ७.२३ टक्के निघाले. १९९९ मध्ये ते १६.६ टक्के होते. ही घट एकट्या लशीने होण्यासारखी नाही. दोन्ही वेळच्या प्रश्नावल्या ताडून पाहिल्या तेव्हा दिसले, की नव्या पिढीतली मुले सिगारेट कमी ओढतात, बाहेर कमी जातात. मुलांनी खरे लिहिले म्हणून हे कळले. आणि मुले खरे लिहितात ती उत्तरे आई-वडिलांना आणि शिक्षकांना दाखवली जाणार नाहीत या हमीवर. ती हमी मोडली तर पुढच्या शाळेत कोणीही खरे लिहिणार नाही. आजी-आजोबांनी नातवाला "काय लिहिलंस?" असे विचारू नये, हे आम्ही हक्काने सांगतो.

आता सहीचा मुद्दा. इंग्लंडमध्ये सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला औषधाच्या चाचणीत भाग घेण्याची संमती स्वतः देता येते. कायदा त्याला तेवढ्यापुरते प्रौढ मानतो. आई-वडिलांना माहिती असावी हे चांगले, पण सही मुलाची. ऑस्ट्रेलियात अठराच्या आतील मुलांसाठी पालकांची संमती घेतली गेली. आपल्याकडे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांनुसार अठरा वर्षांखालील मुलासाठी पालकांची संमती लागतेच, शिवाय बारा ते अठरा वयाच्या मुलाची स्वतःची लेखी सहमतीही लागते. सहमती याचा अर्थ मुलाने 'नको' म्हटले तर त्याला मान द्यायचा. दहा वर्षांवरील मुलाला स्वतःचे बचत खाते चालवू द्या, असे रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये सांगितले. मग स्वतःच्या घशाबद्दल सोळाव्या वर्षी मत असू शकते, हे मान्य करायला हरकत नसावी.

बडोद्याच्या माणसाने हा प्रश्न विचारायलाच हवा असे वर म्हटले, त्याचे कारण २००९ सालचे आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणाऱ्या लशीचा एक प्रकल्प पाथ ही अमेरिकन संस्था, भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राज्य सरकारे यांनी मिळून दोन जिल्ह्यांत राबवला: आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील आपला वडोदरा. दहा ते चौदा वयाच्या हजारो मुलींना लस दिली गेली, त्यांत आदिवासी मुली मोठ्या संख्येने. काही मुलींच्या मृत्यूंनंतर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. ते मृत्यू लशीमुळे झाले नव्हते, असा चौकशीचा निष्कर्ष होता. पण त्या निमित्ताने कागद बाहेर आले. आंध्रात तपासलेल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. आई-वडिलांच्या नव्हेत, मुलींच्याही नव्हेत. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले.

लस चांगली होती. जगभर ती दिली जाते. तरीही तो प्रकल्प बदनाम झाला आणि आपल्याकडे त्या लशीबद्दलचा संशय पुढे कितीतरी वर्षे रेंगाळला. बँकेत एखाद्या खात्यावर दुसऱ्यानेच सही केली तर रक्कम बरोबर असूनही व्यवहार बाद होतो, तसेच हे.

त्याच पाथ संस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि तिचा धागा थेट पुण्याशी जुळतो. आफ्रिकेच्या सहारा वाळवंटाखालच्या पट्ट्यात 'ए' प्रकारच्या मेनिंगोकॉकसच्या साथी दर काही वर्षांनी हजारो बळी घेत असत. पाथ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या प्रकल्पासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने त्यावर लस तयार केली. किंमत एका डोसला अर्ध्या डॉलरच्या आत. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो या देशात सुरुवात झाली आणि पुढे तीस कोटींहून अधिक लोकांना ती मिळाली. सुरुवातीच्या मोहिमांत ती तान्ह्या बाळांपुरती न ठेवता एक ते एकोणतीस वयाच्या सगळ्यांना दिली, कारण जंतूचा मुक्काम तरुणांच्या घशात असतो, तेथूनच तो हुसकावला पाहिजे. ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांच्या नमुन्यांनी जे दाखवले होते, त्याचीच ही पुढची पायरी. 'ए'ची ती साथ आज जवळपास इतिहासजमा झाली आहे.

परदेशातल्या नातवंडाच्या शाळेतून असे माहितीपत्रक आले तर ते पूर्ण वाचावे, शेवटचे पानही. नमुना कशासाठी, किती वर्षे ठेवणार, नाव काढून क्रमांक देणार का, मध्येच बाहेर पडता येईल का, नाही म्हटल्याने शाळेत काही तोटा होईल का. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर स्वच्छ 'नाही' असे लिहिलेले असावे. भेटकार्ड किंवा पैशाचे आमिष मोठे असेल तर जरा थबकावे. मुलगा विद्यापीठाच्या अर्जात लिहायला बरे म्हणून सामील होत असेल तर त्यातही वाईट काही नाही, फक्त तेवढेच कारण नसावे. घशात जंतू सापडलाच तर घाबरू नये. वाहकाला सहसा औषध देत नाहीत, तो जंतू आपोआप जातो.

आणि एक कामाची गोष्ट, यंदा ज्यांची मुले शिकायला बाहेर निघाली आहेत त्यांच्यासाठी. ए-सी-डब्ल्यू-वाय ही चार प्रकारांची लस आपल्या सरकारी लसीकरणात नाही; खासगी डॉक्टरांकडे मिळते. अमेरिकेतली अनेक महाविद्यालये वसतिगृहाच्या प्रवेशासाठी तिचा दाखला मागतात. ब्रिटनमध्ये पहिल्यांदा विद्यापीठात जाणाऱ्या पंचवीस वर्षांखालील विद्यार्थ्यांना ती देतात, परदेशातून आलेल्यांनाही. निघण्यापूर्वी निदान दोन आठवडे आधी टोचून घ्यावी आणि दाखल्याची एक प्रत मुलाच्या हातातल्या बॅगेत ठेवावी. मोठ्या सुटकेसमध्ये नको, ती कधी कधी तीन दिवसांनी पोहोचते.